पाण्याला रेषा नसते!

सीप्लेन म्हटलं की आपल्या हॉस्टेलवर सगळ्यांचे डोळे चमकतात. धावपट्टी नको, जमिनीची भानगड नको; पाणी दिसलं की उतरा आणि परत उडा! आपल्याकडे हे स्वप्न अधूनमधून डोकं वर काढतं. डिसेंबर २०१७ मध्ये गिरगाव चौपाटीजवळ चाचणी झाली. ३१ ऑक्टोबर २०२० ला साबरमती ते केवडिया सेवा सुरू झाली आणि २०२१ मध्ये थांबली. नोव्हेंबर २०२४ मध्ये विजयवाडा ते श्रीशैलम असं प्रात्यक्षिक उड्डाण झालं. स्वप्नाला माझा विरोध नाही. पण मित्रांनो, ‘उतरा’ आणि ‘परत उडा’ या दोन गोष्टी सारख्या नाहीत.

उतरताना पाणी स्वतःच ब्रेक लावतं. उडताना तेच पाणी फ्लोट धरून ठेवतं. सुरुवातीला विमान पाणी नांगरत जातं, नाक वर येतं, आणि एका ठराविक वेगाला पाण्याचा विरोध सगळ्यात जास्त होतो. तो टप्पा ओलांडला की फ्लोट पाण्यावरून घसरू लागतात, मगच वेग वाढतो. म्हणजे ज्या तळ्यात विमान आरामात उतरलं, तिथून ते भरलेल्या सीट्ससकट निघेलच असं नाही! त्यात वजन १० टक्के वाढलं तर लागणारं अंतर साधारण २० टक्क्यांनी वाढतं. दुपारची गरम, विरळ हवा असेल तर आणखी. पाणी आरशासारखं शांत असेल तर फ्लोट चिकटून बसतात, ते वेगळंच.

आणि पाणी सुटलं म्हणजे सुटलो, असंही नाही. समोर डोंगर असेल तर लगेच वळावं लागतं. वळताना विमान जितकं जास्त कलतं, तितका स्टॉलचा वेग वाढतो. ४५ अंशाला जवळजवळ १९ टक्के. २९ नोव्हेंबर २००९ ला कॅनडातल्या सॅटर्ना बेटाच्या लायल हार्बरमधून एक बीव्हर विमान उडालं. झोताचा वारा, त्यात कललेलं विमान, स्टॉलची सूचना देणारी यंत्रणा चालू नाही, आणि वजन मर्यादेपेक्षा मागे गेलेलं. स्टॉल झाल्यावर सावरायला उंचीच नव्हती. पाण्यावर आदळल्यावर चारपैकी दोन दारं अडकली. आठपैकी सहा जण गेले. ७ जानेवारी २०२५ ला ऑस्ट्रेलियातल्या रॉटनेस्ट बेटावरून उडताना सेसना कॅरॅव्हॅन कोसळलं. सातपैकी तिघे दगावले.

माझं म्हणणं एवढंच, की पाण्यावर थांबायची जागा आधी ठरवायला हवी. पायलट मंडळींचा एक ढोबळ नियम आहे: निम्म्या अंतरात उड्डाणाच्या वेगाच्या ७० टक्के वेग आला नाही, तर थ्रॉटल मागे. आपल्या v² = 2as मधून हा आकडा कोणीही काढेल. पण पाण्यावर निम्मं अंतर कुठे आहे, हे दिसतं का? तिथे ना पांढरी रेषा, ना अंतराची पाटी. ‘अजून थोडं, आत्ता सुटेल’ असं म्हणत काठ जवळ येतो.

आपल्या धरणांत तर लांबीच कायम नसते. सप्टेंबरमध्ये तुडुंब भरलेलं धरण मे महिन्यात आक्रसतं, नवे खडक वर येतात. कोणी म्हणेल, ट्विन ऑटरसारखी दमदार विमानं आणा. जरूर आणा! पण इंजिनाची जादा ताकद शेवटी चार जादा तिकिटांत खर्च होणार नाही, याची हमी कोण देणार?

म्हणून सेवा सुरू करण्याआधी तीन गोष्टी करा. महिन्यागणिक पाण्याची वापरण्याजोगी लांबी मोजून जाहीर करा. निम्म्या अंतरावर ठळक बोया टाका. आणि बोयापाशी थ्रॉटल मागे घेणाऱ्या पायलटला कोणी जाब विचारणार नाही, असं लेखी द्या. पहिली दोन कामं आपले सिव्हिलवाले सहज करतील. तिसरं सगळ्यात स्वस्त आहे, आणि मला भीती वाटते ती तेच राहून जाण्याची.