काट्यामागचा क्षीण संकेत

बीड, माजलगाव, परळी येथील मोंढ्यांत तागडी मागे पडून इलेक्ट्रॉनिक काटे आले, त्याला बराच काळ लोटला. कापसाचे वाहन भुईकाट्यावर चढते, आकडा उमटतो, पावती निघते. त्या आकड्यावर शेतकऱ्याचे वर्षभराचे उत्पन्न आणि पेढीची पत ही दोन्ही अवलंबून असतात. तो आकडा कसा तयार होतो, हे व्यापारी कुटुंबाने जाणून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

काट्याच्या तळाशी पोलादी लोड सेल असतात. भार पडताच पोलाद डोळ्यांना न दिसण्याइतके दबते आणि त्यावर चिकटवलेल्या स्ट्रेन गेज नामक पट्ट्यांचा विद्युतरोध त्या प्रमाणात बदलतो. चार पट्ट्या व्हीटस्टन सेतूच्या रचनेत जोडलेल्या असल्याने उन्हाळ्याच्या तापाने चारही पट्ट्यांत सारखाच होणारा बदल बहुतांशी आपोआप वजा होतो.

लोड सेलला १० व्होल्टचा दाब दिला, तर पूर्ण भाराला बाहेर येतात साधारणतः २० मिलिव्होल्ट. ६० टनांचा काटा १० किलोंच्या टप्प्याने वजन दाखवीत असेल, तर टप्पे झाले ६०००. एका टप्प्याच्या वाट्याला आले जेमतेम ३ मायक्रोव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टचे १० लाख भाग केल्यास त्यांतील अवघे तीन. हा संकेत वाढविल्यावाचून वाचता येत नाही. परंतु वाढविताना खऱ्याबरोबर खोटेही वाढते. शेजारची मोटार, वीजवाहिनी यांचा उपद्रव तारांत शिरतो. म्हणून दोन तारांतील केवळ फरक वाढविणारा वर्धक योजतात; दोन्हींत सारखा शिरलेला उपद्रव त्यात गळून पडतो. उरलेली ५० हर्ट्झची थरथर गाळणी रोखते आणि मग संकेताचे अंक होतात.

मात्र जोडपेटीत पावसाळ्याची ओल शिरली, तर तिने बिघडलेला संकेत वर्धकाला खऱ्यासारखाच भासतो. यावर उपाय माणसानेच करावयाचा. प्रत्येक वजनापूर्वी शून्य पाहावे, फलाटाखालचा चिखल काढावा, जोडपेटी कोरडी ठेवावी, अर्थिंग तपासून घ्यावे आणि प्रमाणित वजने चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहावीत. वैधमापन कायद्याखालील नियमांनुसार दर १२ महिन्यांनी फेरपडताळणी होते. दोन शिक्क्यांमधील काळाची जबाबदारी मालकाची.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत कमीअधिक मापाने देणेघेणे गणले आहे. पूर्वी हा दोष तागडी धरणाऱ्या हातात असे. आज तो ओलावलेल्या पेटीतही असू शकतो. तेथे हेतू नसेल, पण प्रमाद आहेच, आणि शेतकऱ्याचा गेलेला कापूस दोन्ही वेळी तेवढाच असतो.