गाडीचे पासिंग होते, चालकाचे काय?

रात्री उशिरा दादर स्थानकाबाहेर पडलेले कुटुंब सामानसुमानासह टॅक्सीत बसते, तेव्हा चालकाला त्याचे नावही कोणी विचारत नाही. त्याची दृष्टी शाबूत आहे का, सकाळपासून किती तास तो चाकामागे बसला आहे, याची चौकशी करणे तर शिष्टाचारातही बसत नाही. प्रवाशाचा विश्वास असतो तो त्या अनोळखी माणसाला रस्त्यावर आणणाऱ्या व्यवस्थेवर. मुंबईच्या बहुसंख्य टॅक्सीचालकांनी हा विश्वास पिढ्यान्‌पिढ्या सार्थ ठरवला आहे. प्रश्न त्यांच्या प्रामाणिकपणाचा नाही, व्यवस्थेच्या जागरूकतेचा आहे.

गाडीच्या बाबतीत ही व्यवस्था, निदान कागदावर तरी, बरीच दक्ष आहे. टॅक्सी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्रासाठी, म्हणजे रोजच्या भाषेत पासिंगसाठी, न्यावी लागते. डिकीतल्या सीएनजी टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते. मुंबईत टॅक्सीचे आयुष्य २० वर्षांचे ठरवून दिलेले आहे. त्या नियमानेच अखेरच्या प्रीमियर पद्मिनीने ऑक्टोबर २०२३ मध्ये शहराचा निरोप घेतला. २०१९ पासून नव्या टॅक्सींत गाडीचा ठावठिकाणा दाखवणारे यंत्र आणि संकटसमयी दाबण्याचे बटण आले, तर मागचे दार आतून उघडू न देणाऱ्या चाइल्ड लॉकला त्याच वर्षी टॅक्सीतून बाहेरचा रस्ता दाखवण्यात आला.

कागदावरचे सारेच रस्त्यावर उतरते असे नव्हे. पासिंगपुरते चांगले टायर चढवायचे आणि नंतर ते उतरवून ठेवायचे, ही युक्ती टॅक्सीतळावर कोणाला नवी नाही! सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला आणि मागच्या आसनावरील पट्ट्याची देशाला एकाएकी आठवण झाली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून मुंबईत सर्वच प्रवाशांना पट्टा सक्तीचा झाला. अनेक टॅक्सींत तो पट्टा गादीखाली वा आच्छादनाखाली गाडला गेल्याचे तेव्हा प्रवाशांच्या ध्यानात आले. दंड प्रवाशाने भरायचा आणि पट्टा मात्र चालकाने झाकून ठेवायचा, असा हा व्यवहार. पण गाडीतले दोष डोळ्यांना दिसतात, हातांना लागतात. मनात आणले तर अधिकारी ते एका तासात शोधू शकतो.

चालकाचे तसे नाही, आणि खरी उणीव येथेच आहे. पूर्वी टॅक्सी चालवण्यासाठी साध्या परवान्यावर व्यावसायिक वाहनाची स्वतंत्र नोंद करून घ्यावी लागे. ३ जुलै २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हलक्या वाहनांपुरती ही अट अनावश्यक ठरवली आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. ७५०० किलोपर्यंतचे वाहन साध्या परवान्यावरही व्यवसायासाठी चालवता येते, असा त्याचा अर्थ. या निकालाला नावे ठेवण्याचे कारण नाही. परवान्यावरील एका नोंदीच्या अभावाकडे बोट दाखवून विमा कंपन्या अपघातग्रस्तांची भरपाई नाकारू पाहत होत्या. न्यायालयाने ती वाट बंद केली. हजारो गरीब चालकांची उपजीविकाही त्यामुळे सुरक्षित झाली.

तथापि या नोंदीबरोबर आणखी एक गोष्ट निसटली, तिची चर्चा झाली नाही. व्यावसायिक परवान्याला वैद्यकीय प्रमाणपत्र लागते आणि त्याचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी होते. साधा परवाना मात्र अठराव्या वर्षी काढला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो थेट वयाच्या चाळिशीपर्यंत चालतो. आणि प्रकृती ठणठणीत असल्याचे अर्जदाराने स्वतःच लिहून दिले की पुरते. म्हणजे गाडीचे ब्रेक दरवर्षी तपासायचे आणि ते दाबणाऱ्याचे डोळे २२ वर्षे तपासायचेच नाहीत! यात तर्क कोणता?

चारित्र्याची तपासणी हाही असाच हयगयीचा विषय. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या तरुणीचा घात कंपनीने नेमलेल्या गाडीच्या चालकानेच केला. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत अ‍ॅपवरून बोलावलेल्या टॅक्सीत एका तरुणीवर अत्याचार झाला. त्या चालकावर आधीही गुन्हे नोंदलेले होते, हे नंतर उघड झाले. दोन्ही वेळा वृत्तपत्रांचे रकाने भरले, नियम आले, परिपत्रके निघाली. २०२० मध्ये केंद्राने अ‍ॅप कंपन्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढून चालकांना पाच दिवसांचे प्रशिक्षण आणि दिवसाला १२ तासांची मर्यादा घालून दिली. सूचना उत्तमच. पण भाड्याने घेतलेल्या गाडीचे दिवसाचे पैसे मालकाला मोजल्यावर जे उरेल त्यावर ज्याला घर चालवायचे आहे, तो बाराव्या तासाला गाडी थांबवील ही अपेक्षा कार्यालयात बसूनच करता येते.

यावर उपाय नाही असे नाही. मोटार वाहन कायद्याच्या २८व्या कलमाने चालकांचा बॅज आणि गणवेश यांविषयी नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला आहे. महाराष्ट्रात या बॅजसाठी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीही होते. परवान्याच्या नोंदीबरोबर जे निसटले ते या बॅजला बांधता येईल. दर पाच वर्षांनी बॅजबरोबर डोळ्यांची आणि रक्तदाबाची तपासणी व्हावी आणि पोलीस पडताळणीही नव्याने व्हावी. तपासणीसाठी चालकाचा एक दिवसाचा धंदा बुडवून त्याला खिडकीखिडकीशी रांगेत उभे करण्याचे कारण नाही. सरकारी रुग्णालयाचे पथक महिन्यातून एकदा मोठ्या टॅक्सीतळावर आले तरी भागेल. ज्याला चष्मा लागेल त्याला तो शासनाने द्यावा. अपघातानंतर द्याव्या लागणाऱ्या भरपाईपुढे त्याचा खर्च किरकोळ ठरेल. आणि बॅजचा क्रमांक मागच्या आसनावरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत गाडीत लावलेला असावा, म्हणजे एकट्या घरी परतणाऱ्या मुलीला तो चालकाला न विचारता आपल्या आईला कळवता येईल.