चढाई मोठी की साखळी?

कबड्डीत अजिंक्यपद कोणाच्या बळावर मिळते, चढाईच्या की पकडीच्या, हा वाद जुनाच आहे. परंतु २०१४ पासून व्यावसायिक लीगचे सामने दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोहोचू लागले आणि या वादाला नवी धार चढली. वाशीम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यातल्या धनजसारख्या गावीही रात्री अंतिम सामना झाला की सकाळी एस.टी.ची वाट पाहणारे विद्यार्थी, शाळेकडे निघालेले गुरुजी आणि कचेरीतले कारकून यांच्यात सरळ दोन तट पडतात. एक तट म्हणतो, गुण आणणारा तो चढाईपटू. त्याच्यावाचून सात जणांची भिंत उभी राहून उपयोग काय? दुसरा तट म्हणतो, चढाईपटू सामने जिंकून देतो, पण चषक जिंकून देते ती पकडच. दोन्ही बाजूंना दाखल्यांची वाण नाही. म्हणूनच हा वाद मिटत नाही.

हा केवळ रिकामटेकड्यांचा वाद म्हणून सोडून देता येत नाही. त्याचे जे उत्तर आपण मनाशी धरतो, त्यावरून शाळेच्या मैदानावर मुलांना काय शिकवायचे, तालुक्याच्या संघात कोणाला घ्यायचे आणि कोणाच्या पाठीवर थाप द्यायची हे ठरत असते. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. कोरडवाहू शेतीच्या भरवशावर जगणाऱ्या घरातल्या मुलाच्या दृष्टीने खेळाचे प्रमाणपत्र ही भिंतीवर टांगण्याची शोभेची वस्तू नसून भाकरीचा प्रश्न आहे. तेव्हा कोणते कौशल्य डोळ्यांत भरते आणि कोणते नजरेआड होते, याचा विचार गांभीर्यानेच केला पाहिजे.

वऱ्हाडाला हा खेळ परका नाही. कारंजा तालुक्याला लागूनच अमरावती जिल्हा आहे. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जगाला कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले ते अमरावतीच्याच श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने. त्या काळी हा खेळ हुतूतू या नावाने ओळखला जाई आणि त्याचे तीन प्रकार प्रचलित होते. 'अमर' प्रकारात बाद झालेला गडी मैदानातच राही, केवळ गुण मोजले जात. 'गामिनी'त बाद झालेला गडी संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. 'संजीवनी'त मात्र प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक गडी जिवंत होऊन परत येई. आजची कबड्डी उभी आहे ती या संजीवनीच्या तत्त्वावर, आणि आपल्या वादाची किल्लीही याच एका शब्दात आहे.

ती कशी, ते पाहू. एखादा नामवंत चढाईपटू प्रतिपक्षाच्या अंगणात गेला आणि पकडला गेला, की तो बाकावर जाऊन बसतो. तो परत केव्हा येणार, हे त्याच्या हाती उरत नाही. त्याच्या संघातील दुसऱ्या कोणी गडी टिपला किंवा मागे राहिलेल्यांनी पकड केली, तरच त्याला जीवदान मिळते. तेही बाद होण्याच्या क्रमाने. बोनस रेषा ओलांडून मिळवलेल्या गुणाने धावफलक हलतो, पण बाहेर बसलेला गडी आत येत नाही. म्हणजे चढाईपटूच्या तीस सेकंदांच्या पराक्रमाला वाव मिळतो तो मागच्यांच्या पकडीमुळे, आणि मागच्यांची संख्या सात राहते ती पुढच्याच्या चढाईमुळे. गामिनीच्या नियमांनी खेळ चालू असता तर चढाई मोठी की पकड हा प्रश्न कदाचित शोभला असता. संजीवनीत या दोन गोष्टी एकमेकींच्या श्वासावर जगतात.

तरीही चढाईवाल्यांचा पक्ष दुबळा समजू नये. २०१७ च्या पाचव्या मोसमात पाटणा पायरेट्सच्या परदीप नरवालने एकट्याने चढाईचे ३६९ गुण मिळवले. हरियाणाविरुद्धच्या एका सामन्यात तर त्याने ३४ गुणांची लूट केली. त्याच्या बळावर पाटण्याने लागोपाठ तिसरे अजिंक्यपद पटकावले, आणि अंतिम सामन्यात ५५-३८ असे हरवले ते बचावासाठी नावाजलेल्या गुजरातच्या संघाला. जानेवारी २०१९ मध्ये मुंबईत सहाव्या मोसमाचा अंतिम सामना झाला, तेव्हाही तोच गुजरातचा संघ बंगळूरूकडून ३८-३३ असा हरला. विजेत्यांच्या ३८ गुणांपैकी २२ गुण पवन सेहरावत या एकाच खेळाडूचे होते. हे सामने पाहणाऱ्याने पकडीपेक्षा चढाई श्रेष्ठ असा निष्कर्ष काढला, तर त्याला दोष कसा द्यावा?

परंतु त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, सातव्या मोसमाच्या अंतिम सामन्यात, चित्र नेमके उलटे झाले. दिल्लीच्या नवीनकुमारने १८ गुण मिळवले आणि तरीही दिल्लीचा संघ बंगालकडून ३४-३९ असा पराभूत झाला. विशेष म्हणजे बंगालचा कर्णधार आणि प्रमुख चढाईपटू मणिंदरसिंग दुखापतीमुळे त्या सामन्यात उतरलाच नव्हता. एका बाजूस तारा तळपत होता आणि संघ हरत होता. दुसऱ्या बाजूस तारा बाहेर बसला होता आणि संघ चषक उचलत होता. पुढे २०२३-२४ च्या दहाव्या मोसमासाठी पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाखांहून अधिक रुपयांची बोली लावून तेलुगु टायटन्सने त्याला आपल्याकडे घेतले. त्या संघाने २२ सामन्यांपैकी अवघे दोन जिंकले आणि तो तळाला राहिला. पवनचा खेळ काही वाईट झाला नव्हता. त्याला पुन्हा पुन्हा जिवंत करणारे हात त्याच्या मागे नव्हते.

राष्ट्रीय संघालाही हा धडा २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत मिळाला. १९९० पासून आशियाई स्पर्धेतील पुरुषांचे प्रत्येक सुवर्णपदक भारताने जिंकले होते. त्या वर्षीच्या संघात अजय ठाकूर, परदीप नरवाल, राहुल चौधरी यांसारखे नावाजलेले चढाईपटू होते. तरीही उपांत्य सामन्यात इराणने भारताला २७-१८ असे हरवले. ज्यांच्या चढायांवर प्रेक्षक टाळ्या पिटत होते, त्यांना मिळून चाळीस मिनिटांत संघाची मजल अठराच्या पुढे नेता आली नाही. इराणने आपल्याच देशाकडून घेतलेला खेळ आपल्यावर उलटवला, आणि तो फजल अत्राचलीसारख्या पकडपटूंच्या जोरावर.

हा वाद केवळ आपल्याकडेच आहे असेही नाही. अमेरिकेतील फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक नावाचा एक खेळाडू आक्रमणाची सारी सूत्रे हलवतो, आणि तिथले शौकीनही 'क्वार्टरबॅक की बचाव' यावर वर्षानुवर्षे भांडत आले आहेत. पेटन मॅनिंग हा त्या खेळातला मोठा क्वार्टरबॅक. २०१३ च्या मोसमात गुण मिळवून देणाऱ्या तब्बल ५५ फेकी करून त्याने विक्रम केला. पण फेब्रुवारी २०१४ मधील अंतिम लढतीत सिअॅटलच्या बचावापुढे त्याचा डेन्व्हर संघ ८-४३ असा कोसळला. दोन वर्षांनी मॅनिंग थकला होता. त्या मोसमात त्याच्या गुण देणाऱ्या फेकी ९ आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडलेल्या १७! तरीही फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याच डेन्व्हरने बचावाच्या जोरावर २४-१० असा विजय मिळवून विजेतेपद पटकावले. त्याच माणसाला, त्याच संघातून, उमेदीच्या वर्षात जे मिळाले नाही ते उतरत्या वर्षात मिळाले.

मग पकडवाल्यांचे म्हणणे खरे ठरले काय? तसेही घाईने म्हणू नये. मोहम्मदरेझा शादलूई या इराणी बचावपटूची गोष्ट पाहावी. दहाव्या मोसमात पुणेरी पलटणने त्याच्यावर २ कोटी ३५ लाख रुपये खर्च केले. तो मोसमाचा सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि पुण्याने १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणाचा २८-२५ असा पराभव करून पहिले अजिंक्यपद जिंकले. पुढच्या मोसमात तो हरियाणाकडे गेला आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्यात हरियाणाने पाटण्याला ३२-२३ असे नमवून आपले पहिले अजिंक्यपद मिळवले. त्या मोसमात चढाईच्या गुणांत अव्वल असलेला देवांक दलाल पाटण्याकडूनच खेळत होता. पकडवाल्यांनी येथवरचा दाखला अभिमानाने द्यावा. पण २०२५ मध्ये हाच शादलूई गुजरातच्या संघात गेला, आणि गुजरातला पहिल्या आठांतही जागा मिळाली नाही. माणूस तोच, मनगट तेच. अवतीभवतीचे हात मात्र निराळे होते.

येथे या वादाचे खरे उत्तर सापडते. आपण 'पकड' म्हणतो तेव्हाही आपल्या डोळ्यांपुढे एखादा बलदंड कोपरारक्षकच असतो. चढाईच्या ताऱ्याच्या जागी पकडीचा तारा बसवला की आपल्याला वाद जिंकल्यासारखे वाटते. वस्तुतः अजिंक्यपद मिळते ते साखळीला. डावा कोपरारक्षक घोट्याकडे झेपावतो त्या क्षणी मध्यरक्षकाने धक्का दिला नाही, तर झेप घेणाराही बाद होतो आणि चढाईपटू हसत मध्यरेषेपलीकडे जातो. ती अर्ध्या पळाची जुळणी पैशाने विकत मिळत नाही, एका मोसमात येत नाही आणि एका माणसात राहत नाही. चढाई हे एकट्याचे धाडस आहे. पकड हा अनेकांचा परस्परांवरचा विश्वास आहे. धाडसाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. सात जणांच्या अंगणात एकट्याने, दम धरून, शिरायला छाती लागते. पण त्या धाडसाला दुसरी, तिसरी आणि दहावी संधी देतो तो विश्वासच.

आता आपल्या गावाच्या मैदानाकडे पाहावे. शाळेत संघ निवडायचा म्हटले की बहुतेक मुलांना चढाईच करायची असते. जी उरतात ती कोपऱ्यात उभी केली जातात. पकडीचा सराव म्हणजे चढाई करणाऱ्यांच्या सरावासाठी उभे राहणे, अशीच पुष्कळांची समजूत असते. स्पर्धांतून 'उत्कृष्ट चढाई'बरोबर 'उत्कृष्ट पकड' हेही बक्षीस दिले जाते, ही स्तुत्य प्रथा आहे; पण तेही पुन्हा एकाच माणसाला. निवड चाचणीत तर पकडपटूवर नकळत अन्याय होतो. निरनिराळ्या शाळांतून आलेली, एकमेकांची नावेही ठाऊक नसलेली मुले एका बाजूस उभी केली जातात. चपळ चढाईपटू तीस सेकंदांत आपला गुण दाखवून जातो. कोपऱ्यातल्या मुलाचे सारे कसब शेजारच्या ओळखीच्या हातावर अवलंबून असते आणि तो हात त्या दिवशी तिथे नसतो. त्याची झेप वाया जाते आणि त्याच्या नावापुढे फुली पडते.

यावर उपाय अवघड नाही आणि खर्चाचा तर मुळीच नाही. क्रीडाशिक्षकांनी सरावाचा पहिला अर्धा वेळ साखळीसाठी राखावा आणि चढाईपटूंनाही आळीपाळीने कोपऱ्यात उभे करावे. पकड कशी होते हे ज्याला कळते, तोच ती चुकवू शकतो. तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या निवडकर्त्यांनी बचावपटूंना सुटे न पाहता जोडीने पाहावे. चाचणीच्या घटकाभराच्या खेळापेक्षा प्रत्यक्ष सामन्यांतली कामगिरी प्रमाण मानावी. आणि स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी 'उत्कृष्ट साखळी' असे एक बक्षीस दोघांना मिळून द्यावे. चषकाची किंमत तेवढीच राहील, शिकवण मात्र मोठी होईल.

मुख्याध्यापकांनाही एक गोष्ट सुचवावीशी वाटते. परीक्षा जवळ आल्या की खेळाचा तास गणिताला किंवा इंग्रजीला दिला जातो. एकटा चढाईपटू घरामागच्या मोकळ्या जागेतही पायांचा सराव करू शकतो. साखळीला मात्र सर्वांनी एकाच वेळी, एकाच मैदानावर असावे लागते. तास गेला की पहिला बळी तिचा जातो.

ज्या वाचकांचे आयुष्य शाळेत किंवा कचेरीत गेले, त्यांना हे निराळे सांगायला नको. दहावीच्या निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र येते ते पहिल्या आलेल्या मुलाचे. त्याला पाचवीत अपूर्णांक शिकवणाऱ्या गुरुजींचे येत नाही. समाजाची नजर गुण आणणाऱ्याकडे जाते, हा तिचा स्वभाव आहे. तो बदलता येणार नाही; पण निदान ज्यांच्या हाती मुले घडवण्याचे काम आहे, त्यांनी तरी त्या नजरेने पाहू नये. धनजच्या वादात या पुढे कोणी 'चढाई की पकड?' असे विचारले, तर त्याला उलट एवढेच विचारावे की, बाद झालेल्या तुमच्या गड्याला परत आणणारे हात तुम्ही तयार केले आहेत काय? ज्या संघापाशी या प्रश्नाचे उत्तर आहे, त्याला अजिंक्यपदाची चिंता करावी लागणार नाही.