'कार्यक्षमता' कोणाच्या कामाची?

सरकारी परिपत्रकांत 'कार्यक्षमता' हा शब्द इतक्या सढळ हाताने वापरला जातो की, त्याखाली इंग्रजीतील तीन निरनिराळे शब्द गाडले गेले आहेत हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. 'एफिशियंट' हे निव्वळ गुणोत्तर : घातले किती, निघाले किती. 'इफेक्टिव्ह' म्हणजे योजिलेला हेतू साधणारे. 'एफिकेशस' बहुधा औषधाविषयी म्हणतात. त्याला आपला 'गुणकारी' हा उत्तम शब्द आहेच. पहिल्या शब्दात हेतू कोणाचा हे विचारावेच लागत नाही, आणि नेमकी तीच त्याची राजकीय सोय आहे.

२०१५ साली केंद्राने सिंचन योजना आणली, तिची घोषणा 'थेंबागणिक अधिक पीक'. अंशस्थानी पीक, छेदस्थानी थेंब. माणूस कोठेच नाही. जळगाव जिल्ह्यातील केळीला ठिबकने पाणी थेट मुळाशी मिळते, ९० टक्क्यांच्या आसपास उपयोगी पडते, हे खरेच आहे. परंतु वाचलेले पाणी विहिरीत राहतेच असे नाही. ज्याच्यापाशी भांडवल आणि पंप, तो त्याच पाण्यावर आणखी एक शेत केळीखाली आणतो. इंजिन सुधारले की कोळसा कमी न लागता अधिकच लागतो, हे जेव्हन्सने १८६५ मध्येच सांगून ठेवले होते. यावल-रावेरात ठिबक पसरले. भूजल मात्र खालावतच गेले. दोष नळीचा नव्हे. उपसा किती करावा, हे नळी कशी ठरविणार?

आता धुळे जिल्ह्यात पांझरेकाठची जुनी फड पद्धत पाहा. मातीच्या पाटातून पाणी झिरपते, म्हणून अभियंत्याच्या मोजपट्टीवर ती नापासच होईल. पण एका फडात एकच पीक, शक्यतो प्रत्येक फडात प्रत्येकाची थोडी जमीन, आणि पाणी देणारा पाटकरी सर्वांनी नेमलेला. पाणी कमी आले तर त्या वर्षी भिजणारे फडच कमी करावयाचे; तूट सर्वांच्या वाट्याला. (पाटातून झिरपलेले पाणी शेजारच्या विहिरीला मिळते, ते हिशेबात 'नाश' म्हणून मांडतात!) जमिनीवाचून असलेल्याला तेथेही पाण्याचा हक्क नव्हता, म्हणून तिला आदर्श म्हणण्याचे कारण नाही. तरीही वाटपाचा हेतू तिने साधला.

ठिबकाचे अनुदान ज्याच्यापाशी पाण्याची सोय आहे त्यालाच मिळते. कोरडवाहू शेतकऱ्याने कार्यक्षम व्हावयाचे ते कशाच्या बळावर, हा प्रश्न तालुक्याच्या पुढच्या बैठकीत अधिकाऱ्यांना अवश्य विचारावा.