वाळूतला कृमी शत्रू नव्हे, वाळू चाळणारा मासा झाडू नव्हे

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाचा छंद देशातील शहरांत रुजतो आहे आणि त्याबरोबर दोन गैरसमजही. वाळूत केसाळ कृमी दिसला की तो उपद्रवी ठरतो. वाळू मळली की ‘सफाईसाठी’ गोबी मासा आणला जातो. जीवशास्त्राच्या कसोटीला यांतली एकही समजूत उतरत नाही.

वाळूतले बहुतेक ब्रिसलवर्म उरलेले अन्न आणि मेलेले जीव खातात. त्यांच्या बिळांतून प्राणवायूयुक्त पाणी खाली पोहोचते. वरच्या थरातले जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात. खालच्या, प्राणवायूविरहित थरातले जिवाणू त्या नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. गांडुळाला शेतकऱ्याचा मित्र म्हणायचे आणि त्याच वलयी संघातल्या या भाऊबंदाला चिमट्याने उपटून फेकायचे, हा कुठला न्याय? प्रवाळ कुरतडणारा अग्निकृमी हर्मोडिस हा अपवाद. त्याला जरूर काढावे. पण एकाच्या अपराधासाठी साऱ्या कुळाला शिक्षा कशाला?

आता गोबी. व्हॅलेन्सिएनिया प्रजातीचा गोबी तोंडभर वाळू घेतो, तीतले कोपेपॉड आणि बारीक कृमी गिळतो व वाळू कल्ल्यांवाटे सोडून देतो. म्हणजे तो मळ खात नाही. मळ खाणाऱ्यांना खातो. वाळू ढवळली जाऊन वरून पांढरी दिसते, हे खरे. परंतु लहान, नव्या टाकीतली ही शिदोरी लवकरच संपते. मग माशाचे पोट खपाटीला जाते आणि स्वच्छ दिसणाऱ्या वाळूवर तो उपाशी मरतो. त्याच्या जागी दुसरा विकत आणला जातो आणि तोही बहुधा समुद्रातूनच पकडलेला असतो.

वाळू गिळून तिच्यातला सेंद्रिय अंश पचवणारी समुद्री काकडी अतिशिकारीने धोक्यात आली, तेव्हा भारताने 2001 मध्ये तिला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान दिले. गोबीला आणि कृमीला असे कवच नाही. त्यांचे रक्षण ग्राहकाच्या विवेकावरच अवलंबून आहे.

ज्याला गोबी पाळायचाच आहे, त्याने मुरलेली, प्रशस्त टाकी आणि दिवसातून अनेकदा मांसाहारी खाद्य यांची तयारी ठेवावी. ते जमत नसेल, तर वाळू कृमींच्या स्वाधीन करावी. हा मासा काय साफ करील, असे दुकानात विचारण्याआधी तो काय खाईल, हे विचारायला हवे.