दुधाचे दात पडणारच आहेत, पण कधी?

तीन-चार वर्षांच्या मुलाची दाढ काळी पडलेली दिसली, की घरात एक वाक्य ठरलेले असते : ‘दुधाचेच दात आहेत, पडतील की!’ घाटनांदूर असो वा पुणे, वाक्य तेच. लहान मुलांच्या दातांचे साखरेइतकेच नुकसान हे वाक्य करते.

गल्लत कुठे होते?
पुढचे दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात, हे खरे. मागच्या दुधाच्या दाढा मात्र १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे चौथ्या वर्षी किडलेली दाढ मुलाला आणखी सहा-आठ वर्षे वापरायची असते. ती दुखू लागली की मूल भाकरी टाळते, रात्री रडते. ती वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात सरकतात आणि कायमच्या दाताला जागा अपुरी पडते.

दुसरी गल्लत याहून महाग पडते. सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत मागे जी नवी दाढ येते, ती कायमची असते. तिच्या जागी आधीचा दात पडलेला नसतो, म्हणून पालकांना तीही दुधाचीच वाटते.

कीड लागते कशी?
दातात किडा शिरत नाही. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल बनवतात आणि ते दात पोखरते. गोड किती खाल्ले, याबरोबरच दिवसातून किती वेळा खाल्ले, हेही महत्त्वाचे. चहा-बिस्किट, मग पाच रुपयांचा पुडा, मग गोळी, झोपताना गोड दुधाची बाटली; दाताला उसंतच मिळत नाही. सुरुवातीला हिरडीलगत पांढुरके डाग दिसतात. याच टप्प्यावर कीड थांबवता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सुमारे ५१ कोटी मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत.

घरी काय करावे?
• पहिला दात दिसताच घासायला सुरुवात करा. रात्रीचे घासणे चुकवू नका.
• फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी.
• सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांनीच फिरवावा.
• मिशरी मुलांच्या दातांना लावू नका. ती तंबाखूच आहे.
• ‘ऐकलं नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ ही धमकी बंद करा. घाबरलेले मूल पुढे तोंडच उघडत नाही.

दोष फक्त आई-बापांचा?
नाही. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. अनेकांची लहान मुले सोबत असतात. पहाटे कोयता फडात गेला, की मागे कोपीवर राहिलेल्या पोराचा दात कोण घासणार? मुकादमाची उचल फेडायची असताना दाढेसाठी एक खाडा परवडत नाही. अशा घराला केवळ उपदेश करून भागणार नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी ठरलेली आहे. दातांची कीड तिच्या यादीत आहे. ऊसतोड पट्ट्यातील एक तपासणी टोळ्या निघण्यापूर्वी, ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच व्हायला हवी. ज्यांच्या दातांवर डाग दिसतील, त्यांचे उपचार अंबाजोगाईच्या शासकीय रुग्णालयात त्याच महिन्यात पूर्ण व्हावेत. यासाठी नव्या योजनेची गरज नाही, वेळापत्रक बदलले तरी पुरे.

तोवर आपल्या हातात एवढे आहे. हा मजकूर ज्या मोबाइलवर वाचत आहात, त्याचाच टॉर्च आज रात्री लावा. मुलाचा वरचा ओठ हलकेच उचला आणि हिरडीलगत बघा. पांढरा डाग दिसला, तर ‘पडतील की’ म्हणू नका. दवाखाना गाठा.