कर्त्या पुरुषाचे आरोग्य : एक दुर्लक्षित जबाबदारी

गेल्या शंभर वर्षांत आपल्या समाजाने शिक्षणासाठी जे सोसले, त्याचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. वसतिगृहे आणि निवासी शाळा उभ्या राहिल्या, गावकुसाबाहेरच्या वस्तीतील मुले शिकली, नोकरीला लागली, शहरांत स्थिरावली. स्मरणिकेत या वाटचालीची नोंद होणे उचितच आहे. त्याच पानांवर एक वेगळा विषय मांडण्याची अनुमती वाचकांनी द्यावी. तो विषय आहे ही सारी वाटचाल ज्या शरीराच्या बळावर झाली, त्या कर्त्या पुरुषाच्या शरीराचा.

निवासी शाळेत प्रवेशअर्ज तपासताना शिक्षकाला काही गोष्टी न सांगता कळतात. वडिलांच्या नावापूर्वी 'कालकथित' असे लिहिलेले दिसते. पालकाची सही आई करते, कधी आजोबा, कधी मामा. चौकशी केली की कळते, वडिलांचे वय चाळीस-पंचेचाळीसच्या आसपास होते. कुणाला पक्षाघात झाला, कुणी हृदयविकाराच्या झटक्याने गेला, कुणाला तोंडाचा कर्करोग, कुणाचे यकृत दारूने निकामी झालेले. घरचे सांगतात, 'अचानक झाले.' वास्तविक यांतील बहुतेक आजार अचानक येत नाहीत. ते अनेक वर्षे शरीरात मुक्काम करून असतात. आपण त्यांना विचारलेले नसते, एवढेच.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात पंधरा वर्षांवरील ३८ टक्के पुरुष कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखूचे सेवन करतात. त्याच वयोगटातील २४ टक्के पुरुषांचा रक्तदाब वाढलेला आढळला किंवा ते त्यासाठी औषध घेत होते. म्हणजे समाजमंदिरातील सभेला शंभर पुरुष बसले असतील, तर सरासरीने चोवीस जणांना हा विकार असतो, आणि त्यांतील अनेकांना तो ठाऊकही नसतो. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणून आपण दवाखान्यात जात नाही, आणि जातो तेव्हा अनेकदा उशीर झालेला असतो.

यावर आपल्याकडे एक उत्तर हमखास मिळते : 'बाबासाहेबांनी कुठे शरीराची पर्वा केली?' इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला हे उत्तर मान्य नाही. बाबासाहेबांच्या जयंतीला आपण अठरा तास अभ्यासाचा उपक्रम घेतो. तो स्तुत्य आहे. परंतु त्यांच्या जीवनाचे दुसरेही पान वाचले पाहिजे. अखेरच्या दशकात मधुमेहाने आणि पायांच्या वेदनांनी त्यांना जर्जर केले होते. त्यांनी उपचार टाळले नाहीत. डॉक्टर असलेल्या माईसाहेब त्यांचे पथ्यपाणी आणि औषधे सांभाळत. १० ऑगस्ट १९५१ रोजी पंतप्रधान नेहरूंना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या प्रकृतीची चिंता स्पष्ट शब्दांत नमूद करून हिंदू कोड बिल लवकर हाती घेण्याचा आग्रह धरला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि अवघ्या ५३ दिवसांनी, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, त्यांचे महापरिनिर्वाण झाले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ छापून आलेला त्यांना पाहता आला नाही. त्यांना आणखी दहा वर्षे लाभली असती तर, हा प्रश्न आपण सारे हळहळून विचारतो. तोच प्रश्न आपल्या घरातील माणसाबद्दल त्याच्या हयातीत का विचारू नये?

कामगाराच्या शरीराची काळजी हा तर बाबासाहेबांच्या राजकारणाचाच भाग होता. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारा कायदा १९४६ मध्ये झाला, त्यामागे त्यांचे परिश्रम होते. विश्रांती ही कामगाराची हक्काची गोष्ट आहे, असा त्याचा अर्थ. आज आपली सुशिक्षित मुले दोन-दोन नोकऱ्या करतात, रात्रपाळी करून दिवसा रिक्षा चालवतात आणि चार तासांच्या झोपेला कष्टाळूपणा समजतात. संघर्षाने मिळालेला हक्क आपणच असा सोडून देतो.

तथागतांच्या चरित्रातही या विषयाला स्थान आहे. कोसलनरेश प्रसेनजित अतिभोजनाने धापा टाकीत भगवंतांकडे येत असे, ही कथा संयुत्त निकायात आहे. भगवंतांनी त्याला उपवास सांगितला नाही. मात्रा ओळखून जेवावे, असा उपदेश केला. राजाने तो उपदेश जेवताना रोज ऐकवण्यासाठी एका तरुणाची नेमणूक केली आणि आहार हळूहळू कमी केला. पुढे त्याचे शरीर हलके झाले. या कथेत व्यवहाराच्या दोन गोष्टी आहेत. बदल थोडा-थोडा करावा, आणि आठवण करून देणारे माणूस जवळ असावे.

मग करायचे काय? यासाठी व्यायामशाळेची वर्गणी लागत नाही, महागडे चूर्ण लागत नाही.

पहिली गोष्ट तपासणीची. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा रक्तदाब आणि रक्तातील साखर तपासून घ्यावी. रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक भरत असेल, उपाशीपोटीची साखर १२६ किंवा त्याहून अधिक असेल, तर डॉक्टरांकडे जावे. गोळी सुरू झाली की ती स्वतःच्या मनाने बंद करू नये. 'आता बरे वाटते' म्हणून गोळी थांबवणे, हेच पुढे अनेकांना पक्षाघाताकडे नेते.

दुसरी गोष्ट तोंडाची. तंबाखू, खर्रा, मावा, विडी यांपैकी काहीही घेणाऱ्याने महिन्यातून एकदा आरशासमोर उजेडात उभे राहावे. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा उघडलेल्या तोंडात आपलीच तीन बोटे उभी न मावणे, ही धोक्याची खूण आहे. सोडायची इच्छा असेल तर १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर समुपदेशन मिळते. दारूबद्दल वेगळे सांगण्याची गरज नसावी. बावीस प्रतिज्ञा आपण उभे राहून म्हणतो, त्या जयंतीच्या मिरवणुकीतही लागू असतात.

तिसरी गोष्ट ताटाची आणि पायांची. दिवसभरात एका माणसाच्या पोटात पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका चमच्याहूनही कमी मीठ जावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचे, पापड, फरसाण यांतील मीठही त्यात धरायचे. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी हे आपले जुनेच अन्न उत्तम आहे. ते गरिबीची खूण म्हणून आपण ताटातून बाजूला सारू नये. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटीमीटरच्या आत असावा. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चालले तरी शरीराची किमान गरज भागते.

चौथी गोष्ट मनाची. 'पुरुषाने रडू नये' ही शिकवण आपल्याला कोणत्याही सुत्तात मिळत नाही. कर्ज, नोकरीतील अपमान, मुलीच्या लग्नाची चिंता हे सारे पुरुष एकटाच गिळतो आणि मग बाटलीकडे वळतो. मित्राशी बोलावे, पत्नीशी बोलावे. झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीतून बोलता येते.

'एक दिवस दवाखान्यात गेलो तर रोज बुडतो,' ही अडचण खरी आहे. ती सांगणाऱ्याला आळशी म्हणणे अन्यायाचे ठरेल. परंतु उपकेंद्रात आणि आयुष्मान आरोग्य मंदिरात तीस वर्षांवरील व्यक्तींची रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाचा कर्करोग यांसाठी विनामूल्य तपासणी होते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासण्या आणि उपचारही निःशुल्क आहेत. बुडालेला एक रोज भरून काढता येतो. अंथरुणाला खिळलेल्या बापामुळे शाळा सोडणाऱ्या मुलाची वर्षे भरून काढता येत नाहीत.

माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. त्यांनी आपल्या वस्तीतील विहाराला रक्तदाब मोजण्याचे एक यंत्र द्यावे. दोन-अडीच हजार रुपयांत ते मिळते. पौर्णिमेला वंदनेनंतर अर्धा तास ते टेबलावर ठेवावे, आशाताईंना बोलवावे आणि वहीत प्रत्येकाच्या नावापुढे आकडा लिहावा. वाढलेला आकडा दिसला की त्या माणसाला सोबत घेऊन दवाखान्यात जावे. एका आजारी भिक्खूची भगवंतांनी स्वतः शुश्रूषा केली आणि आजाऱ्याची सेवा ती माझीच सेवा, असे संघाला सांगितले. विहारातील ती वही याच मार्गावरचे एक छोटे पाऊल ठरेल.

शिकलेल्या मुलाची पदवी पाहायला त्याचा बाप समारंभात पुढच्या रांगेत बसलेला असावा, एवढीच या लेखामागची इच्छा आहे. ज्यांचा रक्तदाब गेल्या वर्षभरात मोजलेला नाही, त्यांनी ही स्मरणिका वाचून ठेवल्यावर याच आठवड्यात तो मोजून घ्यावा.